फाउंडेशन

“फाउंडेशन गेलंय,” आयव्हन म्हणाला
आणि मी दचकले.
हा शब्द माझा. अठ्ठावीस वर्षं
मी याच शब्दावर पगार घेते.
माझं फाउंडेशन जातं तेव्हा
खात्यातले सगळे फोन एकदम वाजतात.
त्याचं गेलं की आरसा थरथरतो, एवढंच.

माझगावच्या उतारावर त्याच्या पत्र्याखाली
लाल, दोन दारांची, एक्क्याण्णव सालची,
वकिलातीतला कुणी मायदेशी जाताना
मागे ठेवून गेलेली.
दिवे पापण्यांसारखे उघडतात,
डावा जरा उशिरा.
मी ती त्रेपन्नाव्या वर्षी घेतली.
आईने विचारलं, मागे कोण बसणार?
मागे सीटच नाही, म्हटलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.

सिग्नलला उभी राहिली की
मागची बेस्ट आरशात तीन-तीन दिसायची.
क्लच सोडला की खालून
कुणी दारावर मूठ मारल्यासारखं,
ठक्.
मी महिनाभर रस्त्यांना दोष दिला.
रस्ते शेजारच्या खात्याचे, म्हणून सहज पटलं.

आयव्हनने चेंबरखाली सागाची फळी धरली,
फळीखाली जॅक.
“उचलू नको,” पोऱ्याला म्हणाला,
“नुसतं वजन घे.”
इंजिन बोटभर वर आलं.
खालचा नट सुटेना.
डिझेल ओतलं, चहा प्यायलो,
पान्याला हातभर पाइप जोडला.
आयव्हनने आधी छातीवर क्रूस काढला,
मग शिवी दिली,
मग सुटला.

सायलेन्सरकडचं माउंटिंग हातात आलं
ते दोन तुकड्यांत.
रबर जुन्या खजुरासारखं,
लोखंड लोखंडावर टेकलेलं, घासून चकचकीत.
किती दिवस ते तसंच
एकमेकांवर आपटत होतं, कोण जाणे.

एका पुलाखाली (नाव सांगत नाही)
आम्ही रात्री एक ते चार हेच केलं होतं.
सहा जॅक, गर्डर पाच मिलिमीटर वर,
रबराची जुनी गादी ओढून काढली,
नवी सरकवली.
पूल रबरावर उभा असतो
हे मी पार्टीत वगैरे सांगत नाही.
लोक हातातला ग्लास खाली ठेवतात.

जपानहून मागवायचं तर अडीच महिने,
ड्युटी वेगळी.
म्हणून लोखंडी कड्या भाजीच्या पिशवीत घालून
धारावीत, थंगराजच्या भट्टीवर.
त्याने विचारलं, किती कडक?
सत्तर, म्हटलं. आकडा ओठांवर असतोच.
त्याने काळ्या रबरात अंगठ्याचं नख रुतवलं,
नख काढलं, खूण भरून येईपर्यंत बघत राहिला.
“पन्नास पुरे. मोटार आहे, मॅडम, पूल नाही.”
मी काय काम करते
हे त्याला सांगितलंच नव्हतं.

सत्तरच, म्हटलं.

आता ठक् नाही.
गिअर पेन्सिलीला टोक काढावं तसा पडतो.
पण उभ्या गाडीत एक बारीक गुणगुण
स्टिअरिंगमधून मनगटात, मनगटातून दाढेत,
टोलच्या सुट्या नाण्यांत.
आयव्हन ऐकून घेतो, हात पुसतो,
थंगराजचं नाव काढत नाही.
त्याची ही सभ्यता मला फार लागते.

रविवारी आई म्हणाली, ने मला कुठेतरी.
तिला आत बसवायला
दहा मिनिटं आणि वॉचमन लागला.
शिवडीच्या फाटकाशी थांबलो.
मालगाडी होती, डबे मोजत बसले.
तिने डॅशबोर्डवर तळवा ठेवला,
लहानपणी माझ्या कपाळावर ठेवायची तसा.
“थंडी वाजतेय का हिला?”

रबर कडक पडलं, म्हटलं. माझंच चुकलं.
पुढच्या महिन्यात मऊ टाकून घेते.

बघ, म्हणाली.
फाटक उघडलं,
मागच्यांनी हॉर्न वाजवले,
तिने हात काही काढला नाही.